वैवाहिक नात्याची कायदेशीर व्याख्या आणि हद्दपारी : अमेरिकेतील ॲडम्स-सलिव्हन प्रकरण (१९७५–२०१६)

प्रास्ताविक :

स्थलांतरविषयक कायद्यांचा इतिहास बहुधा सीमा, वार्षिक कोटा आणि मनुष्यबळाची गरज यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. कुटुंब कशाला म्हणावयाचे, हा या कायद्यांतील तितकाच मूलभूत प्रश्न असूनही त्याची चर्चा तुलनेने कमी झालेली दिसते. अमेरिकेच्या कायद्यात नागरिकाचा वैवाहिक जोडीदार हा 'निकटचा नातलग' मानला जातो आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही. विवाह खरा आहे एवढे सिद्ध झाले की त्याच्या कायम वास्तव्याचा मार्ग बहुतांशी मोकळा होतो. समलिंगी दांपत्यांना मात्र २०१३ पर्यंत हा मार्ग बंद होता. प्रस्तुत लेखात या प्रश्नावरील पहिल्या महत्त्वाच्या न्यायालयीन लढ्याचा विचार केला आहे. कायदा जे नाते मानत नाही, त्या नात्याची ताटातूटही त्याला दिसत नाही, हे या प्रकरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

पार्श्वभूमी :

१९५२ च्या स्थलांतर व नागरिकत्व कायद्यात 'मनोविकृत व्यक्तिमत्त्व' असलेल्या परकीयांना प्रवेशबंदी होती. १९६५ च्या दुरुस्तीने त्यात 'लैंगिक विकृती' हे शब्द स्पष्टपणे घालण्यात आले. १९६७ मध्ये बुटिलिए खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीखाली एका कॅनेडियन पुरुषाची हद्दपारी सहा विरुद्ध तीन मतांनी कायम केली. ही बंदी १९९० मध्ये उठली. म्हणजे पुढील घटना घडत होत्या, त्या काळात समलिंगी परकीय व्यक्तीचे देशात असणेच कायद्याला मान्य नव्हते.

बोल्डर येथील विवाह आणि एक सरकारी पत्र :

१९७५ च्या वसंतात कोलोराडो राज्यातील बोल्डर काउंटीच्या लिपिक क्लेला रोरेक्स यांच्याकडे दोन पुरुषांनी विवाहाचा परवाना मागितला. राज्याच्या कायद्यात अशा विवाहास स्पष्ट मनाई नाही, असा सल्ला मिळाल्यावर रोरेक्स यांनी परवाना दिला. महाधिवक्त्यांनी विरोधी अभिप्राय देईपर्यंत असे एकूण सहा परवाने दिले गेले. त्यांपैकी एक होता रिचर्ड ॲडम्स व अँथनी सलिव्हन यांचा. ॲडम्स हे मनिला येथे जन्मलेले, परंतु अमेरिकेचे नागरिक, सलिव्हन ऑस्ट्रेलियाचे. २१ एप्रिल १९७५ रोजी त्यांचा विवाह झाला आणि ॲडम्स यांनी सलिव्हन यांच्यासाठी रीतसर अर्ज केला.

त्या अर्जाला नोव्हेंबर १९७५ मध्ये मिळालेले उत्तर अमेरिकन प्रशासनाच्या इतिहासात कुप्रसिद्ध आहे. समलिंगी पुरुषांसाठी रस्त्यावर वापरली जाणारी हीन शिवी त्या कार्यालयीन पत्रात छापील अक्षरांत होती, आणि अशा दोघांमध्ये खरे वैवाहिक नाते असूच शकत नाही असे त्यात म्हटले होते. टीका झाल्यावर सुधारित पत्र पाठवण्यात आले. शिवी गेली, परंतु दोघांपैकी एकही जण विवाहातील स्त्रीचे कार्य करू शकत नाही, हे नवे कारण आले. प्रस्तुत लेखकास हे दुसरे पत्र अधिक उद्बोधक वाटते. पहिल्यात तिरस्कार आहे. दुसऱ्यात तोच तिरस्कार युक्तिवादाचे रूप घेतो, आणि न्यायालयात टिकतो तो युक्तिवादच.

दांपत्य न्यायालयात गेले. जिल्हा न्यायालयाने १९८० मध्ये, तर नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने १९८२ मध्ये त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला. अपील न्यायालयाने कोलोराडोतील विवाह वैध होता की नाही, हा प्रश्न सोडवलाच नाही. विवाह राज्याच्या कायद्याने वैध असला तरी संसदेला 'स्पाउज' या शब्दातून केवळ स्त्री-पुरुष विवाहच अभिप्रेत होता, असे न्यायालयाने ठरवले. येथे एक भाषिक बाब नोंदवणे आवश्यक आहे. मराठीत या शब्दासाठी आपण सहज 'पती अथवा पत्नी' असे लिहितो आणि लिंगभेद आपोआप आत येतो. इंग्रजी शब्दात तो नाही आणि कायद्यातही त्याचा उल्लेख नव्हता. तो न्यायालयाने शब्दाच्या रूढ अर्थाच्या नावाखाली घातला, आणि पुष्ट्यर्थ १९६५ च्या त्याच 'विकृती'च्या कलमाचा आधार घेतला. सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

'आत्यंतिक हालअपेष्टा' :

आता प्रश्न विवाहाचा उरला नाही. हद्दपारी स्थगित करण्याचा उरला. त्यासाठी किमान सात वर्षांचे सलग वास्तव्य, सद्वर्तन आणि 'आत्यंतिक हालअपेष्टा' या अटी होत्या. अर्जदाराच्या स्वतःच्या हालअपेष्टा, तसेच त्याच्या अमेरिकन वा कायम रहिवासी जोडीदाराच्या, आई-वडिलांच्या किंवा अपत्याच्या हालअपेष्टा विचारात घेता येत. ॲडम्स हे कायद्याने जोडीदार नव्हतेच. त्यामुळे त्यांचे दुःख या हिशेबात धरण्याची सोय नव्हती. उरले सलिव्हन यांचे स्वतःचे दुःख. हद्दपारीत वैयक्तिक क्लेश असतातच, ते 'आत्यंतिक' ठरत नाहीत, या आशयाचा निर्णय अपील न्यायालयाने १९८५ मध्ये बहुमताने दिला. न्यायमूर्ती हॅरी प्रेगरसन यांनी विरोधी मत नोंदवले. बारा वर्षांहून अधिक काळचे सहजीवन तुटण्याचे दुःख मंडळाने नीट तोललेच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते अँथनी केनेडी. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्याच वर्षी दोघांनी देश सोडला. ऑस्ट्रेलियाने ॲडम्स यांना वास्तव्याची अनुमती दिली नाही. सुमारे वर्षभर ते युरोपात फिरत राहिले. नंतर मेक्सिकोमार्गे अमेरिकेत परतून लॉस एंजेलिस येथे त्यांनी पुढील आयुष्य प्रसिद्धीपासून दूर काढले.

१९९६ नंतर :

१९९६ च्या 'डिफेन्स ऑफ मॅरेज' कायद्याच्या तिसऱ्या कलमाने संघीय कायद्यांपुरता विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे मीलन, अशी व्याख्या केली. न्यायालयाने शब्दात घातलेला अर्थ आता संसदेने लिहूनच ठेवला. परिणामी २००४ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये समलिंगी विवाह वैध ठरले, तरी तेथील नागरिकाला आपल्या परदेशी जोडीदारासाठी अर्ज करता येईना. आपल्याकडील घराघरांत परिचित झालेला एच-४ व्हिसाही अशा जोडीदारांना मिळत नसे. (तो आज मिळू शकतो, परंतु जेथे विवाह झाला तेथे तो वैध असावा लागतो. भारतात २०२३ च्या सुप्रियो निकालानंतरही समलिंगी विवाहास मान्यता नसल्याने, पुण्या-मुंबईतील अशा जोडप्यास प्रथम अन्य देशात जाऊन विवाह करावा लागेल.)

२६ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विंडसर खटल्यात हे तिसरे कलम घटनाबाह्य ठरवले. खटला मुळात स्थलांतराचा नव्हताच. पत्नीच्या निधनानंतर एडिथ विंडसर यांना भराव्या लागलेल्या ३,६३,०५३ डॉलरच्या वारसा कराचा तो वाद होता. तरीही स्थलांतर खात्याने काही दिवसांतच समलिंगी दांपत्यांचे अर्ज मंजूर करण्यास आरंभ केला. विंडसरचा बहुमताचा निकाल न्यायमूर्ती केनेडी यांनीच लिहिला होता. १९८५ मध्ये त्यांच्यासमोर 'हालअपेष्टा' या शब्दाच्या कक्षेचा प्रश्न होता, २०१३ मध्ये घटनेचा. म्हणून हा केवळ मतपरिवर्तनाचा दाखला मानणे घाईचे ठरेल. परंतु पहिल्या निकालात नात्याला जी प्रतिष्ठा कोठेच आढळत नाही, तीच दुसऱ्या निकालाचा पाया आहे, हेही नाकारता येत नाही.

रिचर्ड ॲडम्स यांचे डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे विंडसर निकालाच्या सहा महिने आधी निधन झाले होते. सलिव्हन यांनी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांना पत्र लिहून १९७५ च्या पत्राबद्दल क्षमायाचनेची मागणी केली, आणि २०१४ मध्ये स्थलांतर सेवेचे संचालक लिओन रॉड्रिगेज यांनी लेखी क्षमा मागितली. जुना अर्ज पुन्हा उघडण्यात आला. २०१६ मध्ये सलिव्हन यांना ग्रीन कार्ड मिळाले ते अमेरिकन नागरिकाचा विधुर म्हणून. नोव्हेंबर २०२० मध्ये लॉस एंजेलिस येथे त्यांचे निधन झाले.