जुनी मोटार आणि नवे संगीतयंत्र : कॅसेट अॅडाप्टरचा इतिहास

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांच्या सनावळीतून सांगितला जातो. नवे साधन आले आणि जुने बाद झाले, असा त्याचा क्रम असतो. प्रत्यक्षात मात्र जुनी व नवी साधने दीर्घकाळ एकत्र नांदतात. प्रस्तुत लेखात मोटारीतील जुना स्टिरिओ आणि खिशातील संगीतयंत्र यांना जोडणाऱ्या साधनांच्या आधारे हा मुद्दा तपासला आहे.

पार्श्वभूमी :
फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिन येथे कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. पुढे ती मोटारीत स्थिरावली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन, १९८२ मध्ये सीडी आणि १९८४ मध्ये सोनीचा हातात नेता येणारा सीडी प्लेअर बाजारात आला. संगीतयंत्रे अशी झपाट्याने बदलत असताना मोटार मात्र अनेक वर्षे तीच राहत असे. तिच्या स्टिरिओला बाहेरून ध्वनी देण्याची सोय सहसा नसे.

कॅसेट अॅडाप्टर :
ही अडचण कॅसेटच्याच आकाराच्या साधनाने दूर केली. अमेरिकी अभियंता लॅरी शॉट्झ यांना १९८८ मध्ये अशा अॅडाप्टरचे पेटंट मिळाले. त्यात फीत नसते. संगीतयंत्रातून वायरीने आलेला विद्युतसंकेत एका छोट्या चुंबकीय हेडला मिळतो. त्यातून निर्माण होणारे बदलते चुंबकीय क्षेत्र प्लेअरचे हेड टिपते. फिरत्या फितीवरील संकेत वाचण्यासाठी घडवलेले हेड अशा प्रकारे फितीविनाही गाते. सीडीने ज्या कॅसेटची जागा घेतली, तिच्याच खाचेतून सीडीला मोटारीत प्रवेश मिळाला, हे लक्षणीय होय.

एफएम ट्रान्समीटर आणि कायदा :
ज्या मोटारींत केवळ सीडी प्लेअर होता, त्यांची स्थिती अधिक बिकट झाली. २००१ मध्ये आयपॉड आला, तेव्हा या नव्या स्टिरिओंत अॅडाप्टर बसवण्यास खाचच नव्हती. त्यांच्यासाठी छोटा एफएम ट्रान्समीटर उपयोगी पडला. तो संगीत रेडिओलहरींवर सोडी आणि मोटारीचा रेडिओ ते ग्रहण करी. मात्र रेडिओप्रक्षेपण हा परवान्याचा विषय होता. ब्रिटनमध्ये १९४९ च्या बिनतारी संदेशवहन कायद्यानुसार या साधनाचा विनापरवाना वापर बेकायदा ठरे. डिसेंबर २००६ मध्ये अत्यल्प शक्तीच्या ट्रान्समीटरांना तेथे सूट मिळाली. तोवर स्वतःच्या मोटारीत स्वतःचे संगीत अशा प्रकारे ऐकणारा नागरिक तांत्रिकदृष्ट्या कायदाभंग करीत होता.

समारोप :
पुढे स्टिरिओत बाह्य जोडणीची व ब्लूटूथची सोय आली. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून इयरफोनची पिन लावण्याची जागाच वगळली गेली, तर २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबले. ज्याच्यासाठी अॅडाप्टर घेतला, ते यंत्र गेले; कॅसेटची खाच असलेल्या जुन्या मोटारी मात्र अद्याप धावताना आढळतात. नवे साधन जुन्यापेक्षा नेहमीच अधिक मोकळे असते, हे गृहीतक त्यामुळे तपासून पाहावे लागते. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात शोधांइतकेच स्थान अशा सांधणाऱ्या साधनांनाही मिळावयास हवे. कारण सामान्य माणसाने नवे युग आपल्या ऐपतीत कसे सामावून घेतले, याची नोंद त्यांतच सापडते.