टिकटॉकबंदी, भारतातील

भारत सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर घातलेली बंदी. टिकटॉक हे बीजिंगच्या बाइटडान्स कंपनीचे छोट्या व्हिडिओंचे ॲप. बंदीच्या वेळी भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. त्याआधी एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अश्लील मजकुराच्या कारणावरून ते रोखण्याचा आदेश दिला होता. तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

२०२० ची बंदी गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीनंतर, म्हणजे २० भारतीय जवानांना वीरमरण आल्यावर, दोन आठवड्यांत आली. ॲप दुकानांतून टिकटॉक हटले, इंटरनेट कंपन्यांनी त्याची वाट अडवली आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये ते आधीपासून होते त्यांना व्हिडिओंऐवजी सरकारी आदेशाची सूचना दिसू लागली. सप्टेंबरमध्ये पबजीसह आणखी ११८ ॲप बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये मूळ ५९ ॲपवरील हंगामी बंदी कायम करण्यात आली.

कायदेशीर आधार : ही कारवाई माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ६९अ खाली झाली. सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांसंबंधीच्या दखलपात्र गुन्ह्यांना चिथावणी रोखणे, एवढ्याच कारणांसाठी हे कलम वापरता येते. नागरिकाची खाजगी माहिती जपणे हे कारण त्यात नाही. सरकारी प्रसिद्धिपत्रकात मात्र ही ॲप वापरकर्त्यांची माहिती चोरून देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात, अशा तक्रारींचा ठळक उल्लेख होता. माहितीची चोरी हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न ठरवूनच ती या कलमात बसवता आली.

कलम ६९अ ची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात (२०१५) मान्य केली. याच निकालाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा ठरवणारे कलम ६६अ रद्द झाले. ६९अ टिकले ते त्यातील संरक्षक तरतुदींमुळे : कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यामुळे आदेशाला न्यायालयात आव्हान देता येते. पण या कलमाखालील २००९ च्या नियमांतील नियम १६ अशा तक्रारी व कारवाई गोपनीय ठेवायला सांगतो. कारणे लिहायची आणि ती कुलपात ठेवायची, ही या व्यवस्थेतील सर्वांत गंभीर उणीव होय. ज्यांचे ॲप रातोरात गेले, त्या कोट्यवधी वापरकर्त्यांना सविस्तर आदेश वाचायला मिळाला नाही.

परिणाम : खेड्यापाड्यांतील ज्यांना वृत्तपत्रे, चित्रपट वा दूरचित्रवाणीने कधी जागा दिली नव्हती, त्यांना टिकटॉकने आपल्या बोलीत प्रेक्षक मिळवून दिला होता. तो एका रात्रीत तुटला. जुलै २०२० मध्येच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, पाठोपाठ यूट्यूबने शॉर्ट्स. मोकळी झालेली जागा मुख्यतः अमेरिकी कंपन्यांनी घेतली. वापरकर्त्याच्या सवयी टिपून त्याला पुढचा व्हिडिओ दाखवण्याची रीत त्यांचीही तीच आहे.

अमेरिकेने २०२४ मध्ये वेगळा मार्ग धरला : बाइटडान्सने मालकी विकावी, नाहीतर बंदी. संसदेने केलेला हा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये उघड सुनावणीनंतर वैध ठरवला. युरोपने बंदीऐवजी दंडाचे हत्यार उचलले. माहिती चीनमध्ये पाठवल्याबद्दल आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने मे २०२५ मध्ये टिकटॉकला ५३ कोटी युरो दंड केला.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात दिला होता. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मात्र बंदीनंतर तीन वर्षांनी, २०२३ मध्ये झाला. त्यात उल्लंघनासाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. पण केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्याच यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. ॲप परकीय असो वा देशी, आणि माहिती कंपनी गोळा करो वा सरकार, नागरिकाला मिळणारे संरक्षण एकच असले पाहिजे.