हेलेनाची दोन मिनिटे

‘मेटल’ म्हटले की साहित्याच्या अभ्यासकाने कानांवर हात ठेवावेत, असा आपल्याकडचा अलिखित संकेत आहे. तो मोडून आम्ही मध्यंतरी फ्लोरिडातील टॅम्पा येथे स्थापन झालेल्या कॅमेलॉट या बँडचे ‘एपिका’ (२००३) आणि ‘द ब्लॅक हेलो’ (२००५) हे दोन अल्बम सलग ऐकले. प्रोग्रेसिव्ह पॉवर मेटल या संगीतप्रकारात ड्रमची धावती लय, गिटारींचे थर आणि नाट्यमय गायन यांचा मेळ असतो. कन्सेप्ट अल्बममध्ये सर्व गाणी एकाच कथासूत्रात ओवलेली असतात. येथे ते सूत्र गटेच्या ‘फाउस्ट’चे आहे. गिटारवादक थॉमस यंगब्लड आणि नॉर्वेजियन गायक रॉय खान यांनी त्यातील नायकाला एरियल हे नाव दिले.

कथा थोडक्यात अशी. ज्ञानाच्या तहानेने व्याकूळ झालेला एरियल आपल्या प्रेयसीला, हेलेनाला, सोडून निघतो आणि मेफिस्टोच्या करारात अडकतो. पुढे दोघांची पुन्हा भेट होते. ‘ऑन द कोल्डेस्ट विंटर नाइट’मध्ये वाद्यांचा गजर ओसरतो आणि एक रात्र शांतपणे सरते. नंतर तो पुन्हा निघून जातो. गरोदर हेलेना नदीत जीव देते. ‘हेलेनाज थीम’मध्ये मारी यंगब्लड यांच्या आवाजात आपण तिला ऐकतो, पण ती रचना दोन मिनिटांचीही नाही.

हे ऐकताना आम्ही अडखळलो ते नावापाशी. गटेच्या पहिल्या भागातील मुलगी मार्गारेटे, म्हणजेच ग्रेटशेन. हेलेना दुसऱ्या भागात येते आणि ती ट्रॉयची पुराणप्रसिद्ध सुंदरी आहे. अल्बममध्ये ही नावे फिरली आहेत. साधी, सोडून दिलेली मुलगी हेलेना झाली. आणि ‘द हाँटिंग’मध्ये सिमोन सिमोन्स यांच्या आवाजात येणारी, हेलेनाची आठवण करून देणारी स्त्री मार्गरीट झाली. ही अदलाबदल वरवर किरकोळ वाटते. तिचा अर्थ लागण्यासाठी मात्र इतिहासाकडे वळावे लागते.

१५८७ साली फ्रँकफर्टमध्ये छापल्या गेलेल्या फाउस्टच्या लोकपुस्तकात ग्रेटशेन नाही. तेथे फाउस्टला लाभते ती हेलेनच. मार्लोच्या नाटकातही हेलेनच आहे. ग्रेटशेनची शोकांतिका ही गटेची भर, आणि तिच्यामागे एक खरा खटला होता. सुझाना मार्गारेटा ब्रांट या खानावळीतील मोलकरणीला नवजात बालकाच्या हत्येबद्दल १४ जानेवारी १७७२ रोजी फ्रँकफर्टमध्ये शिरच्छेदाची शिक्षा झाली. सैतानाने आपल्याला प्रवृत्त केले, असे तिने जबानीत सांगितले होते. तरुण गटे तेव्हा त्याच शहरात वकिली करीत होता. त्याच्या ‘उरफाउस्ट’ या आरंभीच्या खर्ड्यात ग्रेटशेनच्या वाट्याला केवळ दोष येतो. तिच्या उद्धाराची ग्वाही देणारी आकाशवाणी १८०८ च्या छापील पाठात आली. दरम्यान, १७८३ मध्ये वायमारमध्ये अशाच एका स्त्रीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा मंत्रिमंडळाचा सदस्य या नात्याने याच गटेने देहदंड कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले होते. कवी आणि कारभारी यांच्यातील हा विसंवाद विसरून ‘फाउस्ट’ वाचता येत नाही.

आता अल्बमकडे परत येऊ. हेलेना नदीत जाते आणि तिच्याबरोबर तुरुंग, न्यायाधीश, शेजाऱ्यांच्या जिभा हे सारे कथेतून वाहून जाते. गटेची ग्रेटशेन तुरुंगात फाउस्टबरोबर पळून जाण्यास नकार देते. हेलेनाला नकार द्यायलाही कोणी समोर उरत नाही. उरते ती एरियलची अपराधी आठवण. ‘मार्च ऑफ मेफिस्टो’ची जड, लष्करी चाल आणि शाग्राथ यांचा खरखरीत आवाज ऐकताना ती आठवण विलक्षण ताकदीने अंगावर येते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही तो पश्चात्ताप पुरुषाच्या मनापुरताच राहतो. ज्या समाजाने सुझानाला वधस्तंभापर्यंत नेले, तो श्रोत्याला कोठेच भेटत नाही. खऱ्या खटल्यातून आलेली स्त्री पुन्हा मिथकाच्या नावात विरून गेली आहे.

मात्र ‘मेमेंटो मोरी’ या जवळजवळ नऊ मिनिटांच्या रचनेत हेलेनाचा आवाज पुन्हा उमटतो. गटेच्या दुसऱ्या भागाच्या अखेरीस ग्रेटशेन फाउस्टसाठी करुणा भाकते, त्याची ही दूरची पडछाया. तेथेही तिचे काम त्याला तारण्याचेच. म्हणजे हा दोष केवळ अल्बमचा नाही. तो मूळ संहितेतूनच वारशाने आला आहे, आणि अल्बमने तो अधिक मोठ्या आवाजात आपल्यापुढे ठेवला आहे.

विंदा करंदीकरांनी ‘फाउस्ट’चा पहिला भाग मराठीत आणला, त्यामुळे ग्रेटशेनचा तुरुंग मराठी वाचकाला परका नाही. वर्गात तो प्रवेश शिकवताना ‘हेलेनाज थीम’ही ऐकवावी, असे आम्हांला वाटते. दोन मिनिटांत संपणारा तो आवाज ऐकून विद्यार्थ्यांनी विचारावे: बाकीची गोष्ट कोणी सांगितली, आणि सुझाना कोठे गेली?