कुलाब्याच्या वह्या

श्रोतेहो, गिरणीतली रात्रपाळी आपल्याला ठाऊक आहे. आज एका निराळ्या रात्रपाळीची हकीकत सांगतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. छायाचित्राने आपोआप नोंद घेणारी यंत्रे आली १८७२ साली. तोवर माणसाने सूची डोळ्यांनी पाहायची आणि आकडा वहीत मांडायचा, दिवसा तसाच रात्री. २ सप्टेंबर १८५९ रोजी सौरवादळाने सूची पिसाटली, तरी लिहिणाऱ्याने हात आखडला नाही.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या होत्या. त्यांच्या प्रवाहाने सूची बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा निघाली. संचालक नानाभाई मूस यांनी कुलाब्याला लगेच कुलूप घातले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकदमच नोंदी चालू ठेवल्या. जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळायला हवा ना! याला कोणी कारकुनी म्हणो. मला त्यांचे मोठेपण इथेच दिसते. १९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ चे आकडे छापून काढले.

२००३ साली शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाचे माप काढले, ते कुलाब्याच्याच नोंदींवरून: क्षैतिज चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरले होते. उपग्रह आणि वीजवाहिन्या सांभाळणारे आज मोठ्या सौरवादळाचा धोका जोखतात, तो याच वादळाशी ताडून.