यादीतली वास्तू आणि यादीबाहेरचा गाव

जमीन कशासाठी वापरावी, डोंगर कोठवर कापावा, घर किती मजल्यांचे बांधावे, हे प्रश्न आपण अभियंत्यांवर आणि वकिलांवर सोपवून मोकळे होतो. परंतु गोव्याच्या पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत ह्याच प्रश्नांवरून ग्रामसभा तापतात, आणि त्या का तापतात हे समजून घ्यावयाचे तर अडीचशे वर्षे मागे जाणे भाग आहे.

तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे प्रांत सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या हाती गेले. तेथील देवळे त्यांनी पाडली. गावाची जमीन सांभाळणारी गावकरी संस्था मात्र मोडली नाही. 1526 साली अफोंसो मेशिया याने तिचे रिवाज लेखनिविष्ट केले आणि पुढे तीच कोमुनिदाद म्हणून ओळखली गेली. नव्या काबिजादींत चित्र जवळजवळ उलटे दिसते. डिचोली आणि सत्तरी 1781 ते 1782 या काळात आणि पेडणे 1788 साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा धर्मच्छळाचा जोर ओसरला होता. देवळांना आणि रूढींना हात न लावण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले. म्हणून येथे देवळे राहिली, देवराया राहिल्या, जत्रा राहिल्या. जमिनीचे काय झाले? डिचोलीत कोमुनिदादी आहेत, हे खरे. परंतु ह्या दोन्ही तालुक्यांत गावेच्या गावे एखाद्या घराण्याच्या नावे असण्याचा प्रकार मोठा. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगालच्या राजाने 'व्हिस्कोंद' हा किताब दिला होता आणि तालुक्यातील फार मोठी जमीन त्यांच्याकडे होती. थोडक्यात, जुन्या काबिजादींत जमिनीची घडी टिकली आणि देव परागंदा झाले. नव्या काबिजादींत देव जागेवर राहिले, पण देवाभोवतीच्या जमिनीच्या कागदावर कसणाऱ्याचे नाव आले नाही.

मये गावाची हकीकत याचा सर्वांत बोलका दाखला आहे. हा गाव एका पोर्तुगीज सरदार घराण्याच्या मालकीचा. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, मालक पोर्तुगालला निघून गेले आणि 1964 च्या कायद्याखाली त्यांची मालमत्ता स्थलांतरितांची म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली. त्याच साली बाकी गोव्यात कूळ कायदा आला. 1975 साली मुंडकारांना संरक्षण मिळाले. 1976 च्या दुरुस्तीने कुळे मालक झाली. मयेकर मात्र ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिले त्याच्या दुरुस्तीसाठीही परवानगीच्या फेऱ्यांत अडकले. या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी कायदा व्हावयास 2014 साल उजाडावे लागले. स्वतंत्र देशात त्रेपन्न वर्षे! ही दिरंगाई अक्षम्य होती, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आता वारशाकडे वळू. 1978 साली गोवा, दमण व दीव प्रदेशाने प्राचीन स्मारकांचा स्वतंत्र कायदा केला आणि त्याखाली संरक्षित वास्तूंची यादी तयार झाली. आपल्या दोन तालुक्यांचा त्यात भरपूर वाटा आहे. हरवळ्याची कोरीव लेणी आहेत. संभाजीराजांच्या आश्रयास आलेल्या शाहजादा अकबराशी ज्याचे नाव जोडले जाते, तो डिचोलीचा नमाजगाह आहे. पेडण्यात तेरेखोल आणि हळर्ण हे किल्ले आहेत. 1746 साली हळर्ण जिंकल्याबद्दल पोर्तुगीज विसरेईला त्याच गावाच्या नावाने 'मार्केज द आलोर्न' ही पदवी मिळाली. गोव्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या सरदारकीत जाऊन बसले, ही गंमत सहसा कोणी सांगत नाही.

या साऱ्यांचा मेरुमणी म्हणजे नार्व्याचा सप्तकोटेश्वर. कदंबांचे हे कुलदैवत मूळचे दिवाडी बेटावरचे. तेथील देऊळ सोळाव्या शतकात पाडले गेले आणि देव नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या डिचोली महालात आला. 1668 साली शिवाजी महाराजांनी त्याच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली. शके 1590 चा शिलालेख दारावर आहे. अलीकडे राज्याच्या पुरातत्त्व खात्याने जुन्या बांधकामाची दुरुस्ती करून 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा भाविकांसाठी उघडले. हे काम स्तुत्य झाले. पण श्रोतेहो, नार्व्याच्या देवळाचे मोल केवळ त्याच्या घुमटात नाही. नदी, तर, तळी, भोवतालची गर्द झाडी, पलीकडचे दिवाडी बेट, हे सारे मिळून देव का आणि कोठून पळून आला ती कथा सांगतात. स्मारकाचा कायदा भिंत राखतो. भिंतीसमोरचे शेत, मागचा डोंगर आणि वाट यांचा निवाडा दुसऱ्याच कायद्याखाली, दुसऱ्याच कचेरीत होतो.

तो कायदा म्हणजे 1974 चा नगर व ग्राम नियोजन कायदा. त्याखालचा 'प्रादेशिक आराखडा 2011' जनतेच्या चळवळीमुळे 2007 च्या जानेवारीत शासनाला मागे घ्यावा लागला. पुढे '2021' चा आराखडा करताना चार्ल्स कोरिया यांच्यासारख्या वास्तुविशारदांचा सल्ला घेतला गेला आणि, विशेष म्हणजे, नकाशे ग्रामपंचायतींकडे पाठवून गावकऱ्यांच्या सूचना मागविल्या गेल्या. आपल्या गावाचा नकाशा समोर पसरून तळे कोठे, देवराई कोठे हे लोकांनी बोट ठेवून दाखवावे, ही साधीच गोष्ट. पण नव्या काबिजादींतील शेतकऱ्याला अशी विचारणा पूर्वी कोणी केली होती?

म्हणूनच 2023 साली जे घडले त्यात नवल नव्हते. मोप्याचा विमानतळ त्या वर्षीच्या जानेवारीपासून चालू झाला होता आणि पेडण्याच्या पठारांचे भाव वाढू लागले होते. अशा वेळी तालुक्याचा नवा 'झोनिंग प्लॅन' जाहीर झाला. शेते आणि डोंगरउतार वस्तीच्या रंगात रंगविले गेल्याचे लोकांच्या ध्यानात येताच गावोगाव विरोध उभा राहिला, तालुक्यातील आमदारही त्यात सामील झाले आणि आराखडा शासनाने गुंडाळला. त्याच साली मूळ कायद्यात घातलेल्या कलम 17(2) ने आराखड्यातील 'चुका' दुरुस्त करण्याच्या नावाखाली एकेका भूखंडाचे रूप पालटण्याची वाट मोकळी केली होती. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. तेव्हा वाद दिल्लीपर्यंत गेला.

विकास नको, असे पेडणेकर म्हणत नाहीत. मुलाबाळांना घराशेजारी नोकरी मिळावी असे त्यांनाही वाटते, आणि वारशाच्या नावाने गरिबाच्या घराचे कौल बदलणेही अवघड करणारे नियम कोणालाच नको असतात. जुन्या घराची शोभा पाहणाऱ्याला दिसते, गळती राहणाऱ्याला. वारसा-नियम करणाऱ्यांनी हे ध्यानात घेतले नाही तर लोक त्या नियमांचेच वैरी होतील.

डिचोलीत हा पेच बंगल्यांपेक्षा खाणींनी अधिक टोकाला नेला आहे. शिरगावच्या विहिरी आटल्याची तक्रार न्यायालयापर्यंत गेली होती. त्याच शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराईचे धोंड तळ्यावर स्नान करून निखाऱ्यांतून चालतात. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्टे रद्द केले आणि 2022 च्या डिसेंबरात नव्याने लिलाव झाले. त्यांतला पहिला पट्टा डिचोलीचा, सुमारे 478 हेक्टरांचा. सीमा आखली गेली तेव्हा घरे, देवळे आणि तळी तिच्या आत पडली. मुळगाव आणि शिरगावच्या गावकऱ्यांनी मागणी केली ती खाण बंद करण्याची नव्हे. वस्ती, देवस्थाने, शेते व पाणी वगळून ती रेघ पुन्हा आखा, एवढीच.