मराठी कादंबरीतील विशेषण : अलंकाराकडून दृष्टिकोणाकडे

मराठी कादंबरीने आपले नाव बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकाव्यावरून घेतले आणि त्याबरोबर विशेषणप्रचुर वर्णनाचा वारसाही घेतला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ना. स. रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतील अशा वर्णनास आज कृत्रिम म्हणून निकालात काढले जाते. परंतु तेथे विशेषण व्यक्तीला वेगळे करण्यासाठी येतच नाही. ते तिला पूर्वसिद्ध आदर्शाच्या कोटीत बसविते. नायिका सुंदर असते ती कोणाला तशी दिसली म्हणून नव्हे, तर ती नायिका आहे म्हणून.

या व्यवस्थेला व्याकरणाचाही आधार होता. ‘रम्य’, ‘कोमल’ यांसारखी तत्सम विशेषणे मराठीत अविकारी राहतात आणि समासात सहज गुंफली जातात. याउलट ‘काळा’, ‘कोरडा’ ही आकारान्त विशेषणे नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात. त्यांची लांब माळ सहसा होत नाही. म्हणून विशेषणांची निवड हा केवळ शब्दसंग्रहाचा नव्हे, तर वाक्यरचनेचाही प्रश्न ठरतो.

सामाजिक कादंबरीत हा प्रश्न नैतिक होतो. विधवेला ‘अभागी’ म्हणणाऱ्या निवेदकाच्या करुणेविषयी शंका नसली, तरी ती बोलण्यापूर्वीच तिच्याविषयीचा निर्णय झालेला असतो. ‘करमणूक’ पत्रातून प्रसिद्ध झालेल्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत हरि नारायण आपटे यांनी निवेदन यमूकडे सोपविले, तेव्हा विशेषणाची मालकीही बदलली. दुःखाला नाव देण्याचा अधिकार ते भोगणारीकडे आला. आपट्यांचे महत्त्व केवळ वास्तवाच्या निवडीत नाही. ते या अधिकारांतरातही आहे.

पुढे व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) तरुण शिक्षकाच्या नजरेला जे दिसते तेवढ्यापुरतेच विशेषण बहुधा बोलते, दुष्काळाची भीषणता घटनांतून उभी राहते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) ‘वगैरे’सारखा शब्द ठाम विधानाचाच पाया डळमळीत करतो. गुण सांगणारा स्वतःच्या सांगण्याविषयी साशंक झालेला असतो.

तेव्हा विशेषणांची संख्या कमी झाली, हा या इतिहासाचा निष्कर्ष नव्हे. काटकसर हेच मूल्य मानले, तर अलंकृत गद्याची संकेतव्यवस्था समजत नाही आणि संयमित गद्यातील पूर्वग्रहही नजरेआड होतात. विशेषण कोणाच्या दृष्टीचे आहे आणि त्या दृष्टीला कथेने कोणता अधिकार दिला आहे, हीच समीक्षेची खरी पृच्छा असावयास हवी.