दोन चाकांचीं दोन वळणें

मोटारगाडीचा इतिहास लिहिणारे बहुधा इंजिनापासून आरंभ करितात, आणि पुष्कळदां तेथेंच थांबतात. वस्तुतः इंजिन बंद पडलें तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते, इतकेंच. पण पुढच्या चाकाचा एक सांधा निखळला तर आंतील माणसांच्या जिवावर बेततें. असें असूनही या सांध्यांची कथा आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या कानांवर गेली असेल, म्हणून ती येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या बैलगाडीला हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. तिला चाकें दोन. बैल वळले कीं गाडी वळली. चार चाकांच्या गाडीची गोष्ट निराळी. मुंबईकरांच्या स्मरणांतील व्हिक्टोरिया गाडी घ्या. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांसह सबंध आंस मधल्या एका खिळ्याभोंवतीं फिरत असे. या रचनेंत दोष तीन. आंस फार वळला कीं गाडीखालचा आधार चौकोनाचा जवळजवळ त्रिकोण होतो व गाडी कलंडते. चाकें धडाखालून फिरावयाचीं म्हणून तीं लहान ठेवावीं लागतात. आणि एका चाकाला धोंडा लागला तर सगळ्या आंसाला हिसडा बसतो.

या दोषांवरचा उपाय प्रथम सुचला तो एका वैद्याला. चार्लस डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे इंग्लंडांत लिचफील्ड येथें वैद्यकी करीत व रोग्यांकडे जाण्यासाठीं त्यांना सदैव गाडींत बसावें लागे. १७५९ च्या सुमारास त्यांनीं असें योजिलें कीं, आंस जागच्या जागीं स्थिर ठेवावा आणि त्याच्या दोन टोंकांना प्रत्येक चाक आपापल्या खुंटीवर वळावें. या कल्पनेचें पेटंट त्यांनीं घेतलें नाहीं. यंत्रांच्या नादीं लागलेल्या वैद्यावर रोग्यांचा विश्वास राहणार नाहीं, ही त्यांची भीति. १७६८ सालीं त्यांच्याच कल्पनेंतील, पण निराळ्या घडणीच्या एका गाडींतून ते फेंकले गेले आणि त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली. असल्या माणसाची गाडी-विद्या लोकांनीं गंभीरपणें घेतली नाहीं, यांत नवल तें काय!

पुढें सुमारें साठ वर्षांनीं म्यूनिक येथील गाडी-कारागीर गेओर्ग लांकेन्स्पेर्गर यानें हीच युक्ति स्वतंत्रपणें काढिली. लंडनमधला त्याचा प्रतिनिधि रूडॉल्फ आकरमान. हा मूळचा सॅक्सनीचा, गाड्यांचे नकाशे काढण्यांत तरबेज, पण लंडनांत त्याची ख्याति चित्रें व पुस्तकें प्रसिद्ध करणारा म्हणून. त्यानें १८१८ सालीं तिचें इंग्लंडांतील पेटंट आपल्या नांवें घेतलें, आणि आज जगभर ही रचना 'आकरमान' याच नांवानें ओळखिली जाते. शोध एकाचा, नांव दुसऱ्याचें! आमच्या मतें हा अन्याय खरा. तथापि आकरमाननें तिच्या प्रसारासाठीं मनापासून खटपट केली, आणि लंडनच्या गाडी-कारखानदारांनीं त्याला दाद दिली नाहीं, हेंही लक्षांत ठेविलें पाहिजे.

रचनेंतील मर्म असें. गाडी वळतांना आंतल्या बाजूचें चाक लहान वर्तुळ काढितें, बाहेरचें मोठें. म्हणून आंतलें चाक अधिक वळलें पाहिजे. नाहीं तर एक चाक घासत, फरफटत जाईल. यासाठीं प्रत्येक चाकाच्या खुंटीला एक तिरपा हात जोडितात व दोन हातांमध्यें टाय-रॉडचा दांडा घालितात. हे तिरपे हात मनानें मागें लांबविले तर ते मागच्या आंसाच्या मध्याशीं मिळावे, हा हिशेब फ्रान्सच्या शार्ल झाँतो यानें १८७८ सालीं पक्का केला. त्याच्या आधींच, १८७३ त, ल मान्स येथील घंटा ओतणारा आमेदे बोले यानें आपल्या वाफेच्या गाडीचीं पुढचीं चाकें स्वतंत्र खुंट्यांवर बसविलीं होतीं. तिचें नांव 'आज्ञाधारक'. इकडे कार्ल बेंझनें १८८६ सालीं पेटंट घेतलेली पहिली गाडी तीनच चाकांची केली, कारण चौथ्या चाकासह वळण्याचें कोडें त्याला उलगडलें नव्हतें. त्याचें पेटंट त्यानें १८९३ त घेतलें.

पुढें बराच काळ दोन्ही चाकें एकाच अखंड आंसाच्या टोंकांना राहिलीं. वेग वाढला तसें एक नवें संकट उभें राहिलें. एक चाक खड्ड्यांत गेलें कीं आंस कलतो, भोंवऱ्याप्रमाणें फिरणारीं चाकें त्या कलण्यानें बाजूला वळूं पाहतात, आणि चालकाच्या हातांतलें चक्र थरथरूं लागतें. मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनियरनें अमेरिकेंत जनरल मोटर्समध्यें यावर काम केलें, आणि १९३४ सालीं तेथील गाड्यांना चाकें वेगवेगळीं खालीवर होणारी जोडणी मिळाली. मात्र आतां एकच लांब टाय-रॉड चालेना. चाक ज्या कमानींत वरखालीं होतें, तिच्याशीं दांड्याची लांबी जुळली नाहीं तर प्रत्येक खड्ड्यागणिक चाक आपोआप वळतें! म्हणून दांड्याचे तुकडे करावे लागले, आणि सांधे वाढले.

सांधे वाढले कीं झीज वाढली. याचें उदाहरण अ‍ॅलेक इसिगोनिसनें रचिलेली, १९४८ सालीं निघालेली मॉरिस मायनर. तिच्या चाकाची उभी खुंटी दोन्ही टोंकांना आटे पाडून त्याच आट्यांच्या ठोकळ्यांत फिरते. वेळेवर ग्रीस मिळालें तर ही रचना वर्षानुवर्षें टिकते. न मिळालें तर आटे झिजतात, खुंटी खालच्या ठोकळ्यांतून उपटून येते आणि चाक बाहेर मुडपून गाडी नाकावर बसते. बहुधा हळू चालतांना, ही त्यांतल्या त्यांत देवाची कृपा. म्हणून जुनी गाडी दुरुस्त करणारा शहाणा मिस्त्री आधीं गाडी उचलून चाक वरखालीं धरून हलवितो. तेथें ढिलेपणा लागला तर खुंटी व ठोकळे दोन्ही बदलतो. झिजलेल्या आट्यांवर नवा ठोकळा चढविणें म्हणजे पैसे फुकट.

साध्या किंगपिनच्या गाड्यांत जुने बुश ठोकून काढितात, नवे बसवितात, आणि रीमर वरच्या व खालच्या बुशांतून एकाच सरळ रेषेंत फिरवितात. ही रेषा चुकली तर पिन अडकते व वळलेलें चाक सरळ होईना होतें. टाय-रॉडचा बॉल-जॉइंट निमुळत्या भोंकांत घट्ट रुतलेला असतो. त्याच्या टोंकावर घाव घालणारा नवशिका आटे चेपून बसतो. जाणता कारागीर भोंकाच्या बाजूला हातोडीचा एक नेमका ठोका देतो, आणि सांधा आपण होऊन सुटतो. जोडणी झाल्यावर दोन्ही चाकांमधलें अंतर पुढून व मागून मोजून टाय-रॉडची लांबी जुळवितात, आणि सांध्याच्या कडेनें ताजें ग्रीस डोकावेपर्यंत पंप मारितात.